गप्प बसण्याचं औषध

माझा आवाज लहानपणापासूनच मोठा. कळमनुरीकडच्या एका खेड्यात आमचं शेत होतं. ज्वारी हुरड्यात आली की पाखरं हाकायला आम्हा भावंडांना मचाणावर बसवायचे. भाऊ गोफण फिरवायचे आणि मी नुसती ओरडायचे. वडील म्हणायचे, हिच्या हातात गोफण देऊ नका, दगड वाया जातात.

पुढे वकील झाले तेव्हा तोच आवाज कामाला आला. हिंगोली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कोर्टात मी वकिली करते. कोर्टाचा हॉल उंच छताचा, पंखे खडखडणारे, आणि खिडकीबाहेर जीपवाले दिवसभर गावांची नावं घेऊन ओरडत असतात. माइक आहे, पण तो आपल्या मर्जीचा मालक. अशा ठिकाणी ज्याचा आवाज पोचतो त्याचं म्हणणं पोचतं, असा माझा पक्का समज होता. नवीन पक्षकार मला शोधत आले की फाटकाजवळचा चहावाला त्यांना सांगायचा, आवाज येईल तिकडं जा.

त्यामुळे हा आवाज बसायला लागला तेव्हा मी फारसं मनावर घेतलं नाही. पावसाळ्यापासून घसा खरखरत होता. लवंग चघळून झाली, ज्येष्ठमध झालं, हळदीचं दूध झालं. सकाळी आवाज बरा असायचा, दुपारी चिरकायचा, संध्याकाळी नवऱ्याशी बोलायची वेळ आली की गायब. ते जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहेत. त्यांनी दोन-तीनदा दवाखान्याचं काढलं, पण त्यांच्या बोलण्यात मला जरा जास्तच समाधान दिसायचं, म्हणून मी ते टाळलं.

मग थंडीच्या दिवसांत एका वाटणीच्या दाव्यात उलटतपास सुरू होता. सेनगावकडची एक म्हातारी माझी पक्षकार. वडिलांच्या जमिनीत तिला हिस्सा हवा होता आणि साक्षीदाराच्या पिंजऱ्यात तिचा धाकटा भाऊ उभा होता. दोन प्रश्न नीट झाले. तिसरा प्रश्न विचारायला मी तोंड उघडलं आणि नुसती हवा बाहेर आली. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा हवा. हॉल एकदम शांत झाला. न्यायाधीश साहेब पुढं वाकून म्हणाले, मॅडम, पाणी घ्या. माझ्याकडे बाटलीच नव्हती. शेवटी समोरच्या बाजूच्या वकिलांनी स्वतःची बाटली पुढं केली. त्यांच्याशी माझं कितीतरी वर्षांचं भांडण. ते साहेबांना म्हणाले, तारीख द्यावी, या अशा गप्प असल्या तर मला काम सुचत नाही. सगळे हसले, मीही हसले, पण हसण्याचाही आवाज आला नाही तेव्हा मात्र मी घाबरले.

बाहेर व्हरांड्यात म्हातारी माझा हात धरून उभी राहिली. तिला वाटलं, तिच्या भावानं माझ्यावर काहीतरी करणी केली. तिची समजूत कशी घालायची तेही मला कळेना.

तेवढ्यात ताई आल्या. ताई आमच्या कोर्टातल्या सगळ्यात जुन्या वकील. त्या लागल्या तेव्हा तिथं दुसरी बाई वकील नव्हती. साठी कधीच ओलांडलेली, अंगानं बारीक, चालणं झपाट्याचं. लग्न केलं नाही, धाकट्या बहिणीसोबत राहतात. आम्ही बायका तर त्यांना ताई म्हणतोच, पण कोर्टातले शिपाईसुद्धा ताईच म्हणतात. त्यांनी मला आ करायला लावून मोबाईलच्या उजेडात घसा बघितला. त्यातलं त्यांना काय कळलं असेल देव जाणे. पण निकाल लगेच दिला, की उद्या नांदेडला जायचं, माझ्या केसेसची सोय त्या लावतील.

नांदेडच्या कान-नाक-घशाच्या डॉक्टर बाईच होत्या. त्यांनी घशात नळी घालून समोरच्या पडद्यावर मला माझे स्वरतंतू दाखवले. दोन्हींवर तांदळाच्या कणीएवढ्या गाठी आल्या होत्या. घाबरायचं काही नाही, म्हणाल्या, शिक्षिकांना, भाजी विकणाऱ्या बायांना अशा गाठी येतात. सतत ओरडून तंतू एकमेकांवर आपटतात, त्यातून होतं. मग त्यांनी विचारलं, दिवसभरात पाणी किती पिता.

मी म्हणाले, सकाळी चहा. मग संध्याकाळी घरी गेल्यावर तांब्याभर.

त्यांनी पेन खाली ठेवला आणि मधल्या वेळेचं विचारलं. मी ताईंकडे बघितलं. ताई भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघू लागल्या. मग थोडं मी, थोडं ताईंनी असं करत आम्ही सांगितलं, की बायकांचं स्वच्छतागृह आवाराच्या पार मागच्या टोकाला आहे. तिथं जायचं तर पक्षकारांच्या सगळ्या गर्दीतून जावं लागतं. आतली कडी तुटलेली, म्हणून दाराशी उभी राहायला दुसरी बाई सोबत न्यावी लागते. त्यापेक्षा पाणीच न प्यायलेलं बरं. गंमत म्हणजे हे कुणी कुणाला शिकवलं नव्हतं. कोर्टात आलेली प्रत्येक जण आपली आपणच हे शिकली होती. मला मधून मधून लघवीची जळजळ व्हायची, तीही मी उन्हावर ढकलायची.

डॉक्टरांनी पुढं जेवणाचं विचारलं. दुपारचा डबा तीनला नाहीतर चारला, कधी तसाच परत. रात्री मात्र भरपेट, आणि लगेच आडवं. त्यांनी सांगितलं की पोटातलं आम्ल रात्री वर येतं आणि आधीच सुजलेल्या तंतूंना भाजून काढतं. औषधं थोडीच दिली. पाणी दिवसभर घोट घोट, जेवण वेळेवर, तिखट बंद. आणि महिनाभर संपूर्ण मौन. कुजबुजायचंही नाही, त्यानं तंतूंवर जास्त ताण येतो.

मी विचारलं, "फोनवर?"

"फोनवर नाही, कोर्टात नाही. देवापुढंसुद्धा मनातल्या मनात."

घरी गेल्यावर नवऱ्यांनी ही बातमी गल्लीत ज्या उत्साहानं सांगितली त्यावरून लोकांना वाटलं, त्यांची बदली सोयीच्या गावी झाली. मुलगी बारावीला होती. तिनं जाहीर केलं की या महिन्यात अभ्यास चांगला होईल. सासूबाईंचं मात्र वेगळंच. मला बोलायचं नाही म्हणून त्याही माझ्याशी हातवाऱ्यांनी बोलू लागल्या. दूध ओतू जातंय हे सांगायला त्या ओट्यापासून माझ्यापर्यंत आल्या, दोन्ही हात वर करून दाखवू लागल्या आणि तेवढ्यात दूध गेलं. नवऱ्यांनी म्हटलं, "आई, तुला बोलायला कुणी मना केलं न्हाई." त्यावर त्या म्हणाल्या, "ती बिचारी गप बसून राहिली अन् मी एकटी कशी बोलू?" मी टाळ्या वाजवून माणसं बोलवायला शिकले. एक टाळी नवऱ्यांना, दोन मुलीला. सासूबाई टाळीशिवायच यायच्या.

कोर्टात जाणं मी थांबवलं नाही. माझी एक ज्युनियर आहे, जवळा बाजारची, नुकतीच सनद मिळालेली. रोज बसनं ये-जा करते. माझ्या केसेस आता तिनं चालवायच्या होत्या आणि मी तिच्या मागं बसून गरज पडली तर पेननं टोचायचं, असं ठरलं. तिचा आवाज इतका बारीक की पहिल्या दिवशी मला वाटलं, आज आपली नाचक्की होणार. ती उभी राहिली, बोलू लागली, पुढच्या बाकापर्यंतही काही पोचेना. साहेबांनी टेबलावर हात आपटला आणि हॉलला म्हणाले, जरा शांत बसा, मॅडम काय म्हणतात ते ऐकू द्या. हॉल शांत बसला. खिडकीजवळच्या माणसानं उठून खिडकी लावून घेतली. इतक्या वर्षांत माझ्यासाठी कुणी खिडकी लावली नव्हती. पोरीनं शांतपणे, एक एक मुद्दा मांडत काम पुरं केलं. मला पेन टोचायची वेळ आली नाही.

काम नसलं की मी बायकांच्या खोलीत बसायची. खोली लहान आहे. मध्ये टेबल, भिंतीला आरसा, खुंट्यांवर काळे कोट. एरवी या खोलीत जास्त बोलणारी मीच. कुणी काही सांगायला लागलं की तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत माझा सल्ला तयार. आता सल्ला देता येईना, म्हणून मी ऐकू लागले. आणि का कोण जाणे, एकेक जण माझ्या शेजारची खुर्ची ओढून बसू लागली.

एकीला दर महिन्याला अंगावरून इतकं जायचं की त्या दिवसांत ती तारखाच घ्यायची नाही. जिना चढताना तिला धाप लागायची, आम्ही तिला आळशी म्हणून चिडवायचो. तिला वाटायचं, सगळ्याच बायांना असं होत असेल. दुसरीचं लेकरू सहा महिन्यांचं, आईकडे ठेवून यायची. दुपारपर्यंत छाती दुधानं गच्च भरायची, ठणकायची, कोट ओला व्हायचा. मग ती डोकं दुखतंय सांगून घरी पळायची आणि साहेबांची तिच्यावर नाराजी व्हायची. माझ्या ज्युनियरला रोज दुपारी डोकेदुखी. ती सकाळी सातला चहावर निघायची आणि थेट संध्याकाळी घरी जेवायची. डबा आणायची, पण आम्ही मोठ्या बायका कामात असताना आपण एकटीनं कसा उघडायचा म्हणून तसाच परत न्यायची. आई विचारेल म्हणून बसस्टँडवरच्या कुत्र्याला भाकरी घालायची.

मी मोबाईलवर लिहून विचारायची, दवाखान्यात दाखवलं का? त्या हसायच्या. वेळ कुठंय, मॅडम.

ज्युनियरचं ऐकलं त्याच दिवशी दुपारची सुट्टी झाल्याबरोबर मी खोलीचं दार लावलं, तिच्या पिशवीतून डबा काढला, तिच्यापुढं ठेवला आणि माझाही उघडला. माझ्या डब्यात बिनतिखटाचं वरण आणि भाकरी, तिच्या डब्यात अंबाडीची भाजी. तिच्या आईच्या हातच्या त्या भाजीचा वास खोलीभर झाला आणि बाकीच्याही आपापले डबे घेऊन सरकल्या. दुसऱ्या दिवशी मला दार लावावं लागलं नाही. आठवडाभरात असं झालं, की पक्षकार दाराशी आला तरी एक जण आतून सांगायची, जेवण चालू आहे, बसा जरा. आणि पक्षकार बसायचे. आम्हाला वाटायचं तसं कुणी रागावून दुसऱ्या वकिलाकडे गेलं नाही.

कडीचा विषय ताईंनी घेतला. आमच्या वकील संघाचे अध्यक्ष धिप्पाड, झुपकेदार मिशांचे. त्यांना हे कसं सांगावं यावर आमची खोलीत बरीच चर्चा झाली. कुणी म्हणालं अर्ज द्यावा, कुणी म्हणालं त्यांच्या घरी वहिनींच्या कानावर घालावं. ताई सरळ गेल्या आणि चार पुरुष वकिलांसमोर त्यांना म्हणाल्या, आम्हा बायांना लघवीला जायची सोय नाही म्हणून आम्ही दिवसभर पाणी पीत नाही, या बाईचा आवाज त्यानंच गेला. अध्यक्ष कानापर्यंत लाल झाले. बाकीचे बुटांकडे बघू लागले. अध्यक्ष इतकंच म्हणाले, "मला कुणी सांगितलंच न्हाई, ताई." मग मात्र त्यांनी कुणावर काही सोडलं नाही. नवं दार आलं, कडी आली, नळ, बादली, दिवा. गर्दीतून जावं लागू नये म्हणून बाजूनं पत्र्याचा आडोसा केला. काम चालू असताना ते स्वतः उन्हात उभे होते. आम्ही खोलीत एक माठ आणून ठेवला.

महिना संपत आला होता. एका संध्याकाळी काम आटोपून बाकीच्या बसला गेल्या होत्या. खोलीत मी आणि ताई. ताई कोटाला बटण लावत होत्या. मान वर न करता त्या बोलू लागल्या. डाव्या छातीत दिवाळीपासून एक गाठ लागते. दुखत नाही. बहिणीला सांगितलं नाही, ती घाबरट आहे. दोन जुन्या केसेस निकालावर आल्यात, तेव्हा उन्हाळ्याच्या सुट्टीत बघू असं ठरवलंय. हे सगळं त्यांनी एखाद्या तारखेबद्दल बोलावं तसं सांगितलं. मग म्हणाल्या, "तुला सांगितलं, कारण तू काही बोलणार न्हाईस."

मी मोबाईल हातात घेतला. आमच्यातल्या प्रत्येकीला दवाखान्यात हाकलणारी ही बाई. माझा घसा बसला तर दुसऱ्या दिवशी नांदेडला नेणारी. मी मोबाईल टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "उद्या जायचं."

गंजलेलं फाटक उघडावं तसा आवाज आला. ताईंनी दचकून वर बघितलं. डॉक्टरांनी मला बोलायला मनाई केल्याची आठवण त्यांनी करून दिली. मी पुन्हा तेच म्हणाले. त्यांनी केसेसचं काढलं. मी म्हणाले, "सोय मी लावते."

"कशी लावशील? तुला बोलता येत न्हाई."

मग त्या हसल्या. हसता हसता डोळ्यांना पदर लावला, पण तो थोडाच वेळ. दोऱ्याला गाठ मारली, दातानं दोरा तोडला, कोट झटकला आणि म्हणाल्या, सातची बस धरू.

नांदेडला तपासण्या झाल्या. छातीचा फोटो, मग सुईनं गाठीतलं थोडं काढून घेतलं. रिपोर्टला काही दिवस लागणार होते. ते दिवस वाईट गेले. ताई रोज कोर्टात येत होत्या, काम करत होत्या, सगळ्यांवर खेकसत होत्या, आणि कारण फक्त मला माहीत होतं. मी त्यांच्या शेजारी बसायची, त्यांना पाणी द्यायची. रात्री सासूबाईंच्या लक्षात आलं की माझं काहीतरी बिनसलंय. त्यांनी हातानंच विचारलं, काय झालं? मी हातानंच सांगितलं, काही नाही. त्यांनी माझ्या डोक्यावर तेल घातलं आणि बराच वेळ चोळत बसल्या.

रिपोर्ट घ्यायला आम्ही दोघी गेलो. साधी गाठ होती, कॅन्सर नव्हता. सहा महिन्यांनी परत दाखवा, एवढंच. ताईंनी कागद घडी करून पिशवीत टाकला आणि म्हणाल्या, आधी काहीतरी खाऊ. स्टँडजवळ आम्ही इडली खाल्ली. ताईंनी दुसरी प्लेट मागवली. त्याच फेरीत माझा घसाही दाखवला. गाठी बऱ्याच विरल्या होत्या. मधे दोन वाक्यं बोलले होते हे मी डॉक्टरांना सांगितलं. कोणती, त्यांनी विचारलं. ती ताईंनी सांगितली. डॉक्टर हसल्या, म्हणाल्या, एवढं चालतं.

महिनोन्‌महिने कुणाला काही न सांगणाऱ्या ताईंनी दुसऱ्या दिवशी जेवताना खोलीत सगळं सांगून टाकलं. मग जिना चढताना धाप लागणारी म्हणाली, ताई, मलाही न्याल का. तिला नेण्याऐवजी ताईंनी डॉक्टरच आणल्या. गावातल्या एका स्त्रीरोगतज्ज्ञ बाई शनिवारी दुपारी आमच्या खोलीत आल्या. साहेबांनी आनंदानं परवानगी दिली. छाती स्वतःच्या हातानं कशी तपासायची हे त्यांनी दाखवलं तेव्हा सुरुवातीला सगळ्या खाली बघत होत्या, नंतर प्रश्न संपेनात. कोर्टातल्या बाया कारकून आल्या, बंदोबस्ताची महिला पोलीस आली, व्हरांड्यात तारखेला आलेल्या बाया आल्या. माझी सेनगावची म्हातारी रक्तदाब मोजून घ्यायला बसली. दंडाला पट्टा आवळला तशी म्हणाली, "काहून इतकं दाबून राहिली, माय?" त्या दिवशी सगळ्यात जास्त हशा तिथंच पिकला.

धाप लागणारीचं रक्त फार कमी निघालं. गर्भाशयात गाठ होती. तिच्यावर नीट उपचार झाले आणि आता ती जिना आमच्या आधी चढते. लेकराच्या आईला दुपारी अर्धा तास मिळतो. तिची आई लेकरू घेऊन येते आणि आमच्या खोलीला आतून कडी लागते. त्या लेकराला सगळ्या कोटांचा वास ओळखीचा झालाय.

वाटणीच्या दाव्याची तारीख आली तेव्हा उलटतपास मी आणि ज्युनियरनं मिळून घेतला. मी हळू बोलत होते. भावाला ऐकायला पुढं वाकावं लागत होतं आणि वाकून ऐकता ऐकता त्याचा ताठा बराच उतरला. पुढं दोघा बहीण-भावांत तडजोड झाली. म्हातारीला विहिरीजवळचा तुकडा मिळाला. ती मला द्यायला तूर घेऊन आली होती, नवीन तूर, निवडलेली.

मौनाच्या महिन्यानंतर मी पूर्वीसारखी ओरडत नाही. घरी थोडी निराशा आहे. मुलगी म्हणते, टाळ्याच बऱ्या होत्या.

आता ऊन उतरलं की आम्ही काही जणी कोर्टामागच्या मैदानाला फेऱ्या मारतो. कल्पना डॉक्टरांची, पण सगळ्यात आधी बूट घेतले ते ताईंनी. कळमनुरीच्या बाजारात त्यांच्या मापाचे एकच मिळाले, जांभळे, नाड्या पोपटी. पांढऱ्या साडीखाली ते बूट घालून त्या आमच्या पुढं चालतात आणि मागं राहणारीचं नाव पुकारा करावा तसं घेतात. मैदानावर क्रिकेट खेळणारी पोरं आधी आम्हाला बघून थांबायची, आता नुसती बाजूला होतात. परवा ताईंचा युक्तिवाद लांबला. चप्पल बदलायला वेळ नको म्हणून त्या बूट घालूनच साहेबांपुढं उभ्या होत्या. काळा कोट, पांढरा बँड आणि खाली जांभळे बूट. युक्तिवाद संपवून बाहेर आल्या, कोट काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, चला. मग त्या पुढं आणि आम्ही सगळ्या मागं.